बाहेर राहणाऱ्याचं बिल कोण भरणार? अमेरिकेतल्या ‘मी’ आणि ‘आपण’चं भांडण

१ जानेवारी २०२६ रोजी न्यूयॉर्कचे नवे महापौर जोहरान ममदानी यांनी शपथविधीच्या भाषणात एक वाक्य टाकलं आणि अमेरिकेतल्या वृत्तवाहिन्यांना खाद्य मिळालं. रांगड्या व्यक्तिवादाचा गारठा जाऊन त्याच्या जागी समूहवादाची ऊब येईल, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. विरोधकांनी लगेच स्टालिन आणि माओ बाहेर काढले. समर्थकांचं म्हणणं, अहो, माणूस बसचं तिकीट माफ करू, पाळणाघरं काढू, घरभाडं गोठवू म्हणतोय. सायबेरियात कुणाला धाडत नाहीये.

यातला ‘रांगडा व्यक्तिवाद’ ममदानींचा नाही. तो हर्बर्ट हूवर यांनी गाजवला, तोही न्यूयॉर्कमध्येच, ऑक्टोबर १९२८ मधल्या प्रचारसभेत. महायुद्धात सरकारने बराच कारभार हातात घेतला ते ठीक, पण शांततेच्या काळात युरोपसारखं मायबाप सरकार आपल्याला नको, असा त्यांचा मुद्दा होता. हूवर निवडून आले. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला, महामंदी आली, आणि १९३२ मध्ये मतदारांनी त्यांना घरी बसवलं. तेव्हापासून अमेरिकेचं राजकारण एका साच्यात बसवून सांगायची पद्धत पडली आहे. रिपब्लिकन म्हणजे व्यक्ती, डेमोक्रॅट म्हणजे समूह. इकडे माझा पैसा, माझी बंदूक. तिकडे आपली शाळा, आपली युनियन.

हा साचा ऐकायला सोयीचा आहे आणि बराचसा चुकीचा आहे. दोन्ही पक्ष विषय बघून ‘मी’ काढतात, विषय बघून ‘आपण’. त्यामुळे तिथला असा कुठलाही वाद समजून घ्यायचा तर मी तत्त्वज्ञान थोडं बाजूला ठेवतो आणि दोन रोखठोक गोष्टी विचारतो. सगळ्यांनी मिळून केलेल्या व्यवस्थेबाहेर जो राहतो, त्याचा खर्च शेवटी कुणाच्या अंगावर पडतो? आणि त्याला आत ओढायचा अधिकार कुणाला: वॉशिंग्टनला, राज्याला, की कुणालाच नाही?

हॉस्पिटलच्या दारात

या दोन प्रश्नांचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे आरोग्य विमा. अमेरिकेत सगळ्यांसाठी सरकारी आरोग्यसेवा नाही हे बहुतेकांना माहीत असतं. फारसं माहीत नसतो तो १९८६ चा एक कायदा. मेडिकेअरचे, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलच्या (म्हणजे जवळजवळ प्रत्येकच हॉस्पिटलच्या) इमर्जन्सी रूममध्ये कुणीही आलं तरी त्याला तपासायचं, आणि जिवाला धोका असेल तर आधी प्रकृती स्थिर करायची. खिशात पैसे आहेत का, इन्शुरन्स आहे का, हे नंतर. त्याआधी काही खासगी हॉस्पिटलं गरीब रुग्णाला तशाच अवस्थेत सरकारी हॉस्पिटलकडे रवाना करत, आणि त्यावर बरीच ओरड झाली होती. या कायद्यावर सही रोनाल्ड रेगन यांची आहे. हेच रेगन १९६१ मध्ये, नट असताना, डॉक्टरांच्या संघटनेसाठी भाषण ध्वनिमुद्रित करून सांगत होते की म्हाताऱ्यांना सरकारी विमा दिला की समाजवाद आलाच म्हणून समजा.

तर, दारात माणूस मरू द्यायचा नाही, एवढं ठरलं. मात्र त्या उपचारांचे पैसे कोण देणार, याबद्दल कायद्याने काही सोय केली नाही. हॉस्पिटलं तो खर्च इतर रुग्णांच्या बिलात, विम्याच्या हप्त्यांत आणि सरकारी अनुदानांत जमेल तसा पसरवतात. म्हणजे विमा न घेणारा माणूस ‘मी माझं बघून घेईन’ म्हणत असला, तरी मोठा अपघात झाला की तो इतरांच्या खर्चात येतोच.

२०११ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन इच्छुकांच्या एका टीव्ही चर्चेत सूत्रसंचालक वूल्फ ब्लिट्झर यांनी हाच प्रश्न रॉन पॉल यांना विचारला. तिशीतला धडधाकट तरुण, चांगली नोकरी, विमा घेत नाही. अचानक कोमात जातो. सहा महिने आयसीयूचा खर्च कोण करणार? पॉल हे व्यक्तिस्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते आणि पेशाने डॉक्टर. ते म्हणाले, स्वातंत्र्य म्हणजे आपली जोखीम आपण उचलणं. मग समाजाने त्याला मरू द्यायचं का? प्रेक्षकांतून दोन-तीन आवाज आले, “हो!” पॉल मात्र नाही म्हणाले. आपण डॉक्टरकी सुरू केली तेव्हा चर्च आणि शेजारीपाजारी अशा लोकांचं बघायचे, कुणाला परत पाठवलं जात नसे, असं त्यांनी सांगितलं.

टोकाचा व्यक्तिवादीसुद्धा शेवटी समूहाकडेच वळला. फक्त त्याचा समूह वेगळा: चर्च, शेजार, गाव. अमेरिकी व्यक्तिवाद म्हणजे एकलकोंडेपणा, असा आपल्याकडे एक गैरसमज असतो. स्वयंसेवक अग्निशमन दल, चर्चची अन्नपेढी, शाळेसाठी वर्गणी यांत तो समाज कुणाला हार जाणार नाही. त्यांचं भांडण सक्तीशी आहे. मदत करीन, पण सरकारने करवसुलीच्या धाकाने करायला लावली तर ती मदत उरतच नाही, असं ते मानतात. या भूमिकेची अडचण एवढीच की सहा महिन्यांच्या आयसीयूचं बिल आज कुठल्याही गावच्या वर्गणीच्या आवाक्यात नाही.

विमा घ्या, नाहीतर दंड भरा

म्हणून एक कल्पना पुढे आली: प्रत्येकाला विमा घेणं बंधनकारक करायचं. ती आली कुठून, हे गमतीचं आहे. १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारसंस्थेने ती मांडली. फुकट्यांना आळा बसेल, प्रत्येक जण स्वतःची जबाबदारी घेईल, आणि सरकारी विमा आणायची गरज उरणार नाही, असा त्यामागचा हिशेब. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी ती आपल्या राज्यात लागू केली. आणि २००८ च्या प्रचारात बराक ओबामा या सक्तीच्या विरोधात होते! ती हवी होती हिलरी क्लिंटन यांना.

निवडून आल्यावर ओबामांना गणित कळलं. त्यांना कंपन्यांवर एक बंधन घालायचं होतं: आधीपासून मधुमेह, कॅन्सर, काहीही असलं तरी विमा नाकारायचा नाही आणि त्यापायी हप्ता वाढवायचा नाही. पण एवढंच केलं तर लोक आजारी पडल्यावरच विमा घेतील. भिशीत आपला नंबर लागणार त्याच महिन्यात येऊन बसणारा माणूस जसा, तसं. पैसे भरणारे निरोगी लोक बाहेर, आजारी लोक आत, मग हप्ता वाढणार, हप्ता वाढला की आणखी निरोगी लोक बाहेर. हे चक्र तोडायला सगळ्यांना आत आणणं भाग होतं. २३ मार्च २०१० रोजी सही झालेल्या या कायद्यात, म्हणजेच ओबामाकेअरमध्ये, विमा न घेणाऱ्याला दंड ठेवला गेला. २०१४ मध्ये माणशी ९५ डॉलर किंवा उत्पन्नाचा १ टक्का, यांतलं जे जास्त असेल ते. २०१६ पर्यंत तोच ६९५ डॉलर किंवा अडीच टक्क्यांवर गेला.

आणि बाजू उलटल्या. कालपर्यंत जी ‘वैयक्तिक जबाबदारी’ होती ती एका रात्रीत जुलूमशाही झाली. २००९ च्या उन्हाळ्यात लोकप्रतिनिधींच्या सभा उधळल्या जात होत्या. साउथ कॅरोलायनातल्या एका सभेत एकाने आपल्या रिपब्लिकन खासदाराला बजावलं की सरकारने माझ्या मेडिकेअरपासून हात लांब ठेवावेत. मेडिकेअर सरकारच चालवतं, हे त्या खासदाराने समजावून पाहिलं, उपयोग झाला नाही. या किश्श्यावर लोक हसतात. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, त्याच्याकडे पुढे येतो.

२६ राज्यं सुप्रीम कोर्टात गेली. इथे राज्यघटनेचा एक मुद्दा समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचं काही कळत नाही. अमेरिकेतल्या राज्यांकडे लोकांच्या आरोग्यासाठी, सुरक्षेसाठी कायदे करायचे व्यापक अधिकार आहेत. वॉशिंग्टनकडे मात्र घटनेत मोजून दिलेलेच अधिकार. त्यांतला एक, राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन करण्याचा, कोर्टाने वर्षानुवर्षं रबरासारखा ताणला आहे. १९४२ चा एक खटला यासाठी अजून काढला जातो. ओहायोतल्या एका शेतकऱ्याला सरकारने ११.१ एकर गहू पेरायची मुभा दिली होती, भाव पडू नयेत म्हणून. त्याने पेरला २३ एकर. जादाचा गहू विकायचा नव्हता. जनावरांना घालायचा, घरी दळायचा, बियाणं ठेवायचं. तरी ११७ डॉलरचा दंड झाला, आणि सुप्रीम कोर्टाने एकमताने तो उचलून धरला. कारण, तू घरचा गहू खाल्लास म्हणजे बाजारातून घेतला नाहीस, आणि सगळ्यांनी असं केलं तर देशभरच्या व्यापारावर परिणाम होतो. आपल्याच शेतातला, आपल्याच गोठ्यात जाणारा गहू! शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे वाचून राग यावा असं आहे.

तर २०१२ मध्ये सरकारने म्हटलं, गव्हाचं नियमन करता येतं तर विम्याचंही येतं. त्यावर न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी ब्रोकोली काढली. जेवण प्रत्येकालाच लागतं, म्हणजे उद्या तुम्ही प्रत्येकाला ब्रोकोलीही विकत घ्यायला लावाल का? प्रश्न खवचट होता, पण पोकळ नव्हता. २८ जूनला निकाल आला, पाच विरुद्ध चार. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी आधी लिहिलं की व्यापाराच्या अधिकाराखाली माणूस जे करतो त्याचं नियमन करता येतं, जे करत नाही त्याचं नाही. एवढं वाचूनच सीएनएन आणि फॉक्सने ‘सक्ती रद्द’ अशी बातमी देऊन टाकली. पुढच्या पानांवर रॉबर्ट्स म्हणत होते की या दंडाकडे कर म्हणून बघता येतं, आणि कर लावायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, आहे. कायदा टिकला. ओबामा मात्र २००९ पासून टीव्हीवर सांगत आले होते की हा कर नाही.

कोर्टाने रेषा आखली ती अशी: सरकार तुम्हाला एखादी गोष्ट घ्यायचा हुकूम देऊ शकत नाही, पण ती न घेण्याची किंमत वसूल करू शकतं. स्वातंत्र्य आहे, फुकट नाही. वकिली वाटेल, पण मला ही रेषा दोन्ही बाजूंच्या घोषणांपेक्षा प्रामाणिक वाटते.

पुढे २०१७ च्या करकायद्यात ट्रम्प आणि रिपब्लिकनांनी दंडाची रक्कम २०१९ पासून शून्य केली. सक्ती कागदावर राहिली, दात काढून. आता सगळं कोसळणार, असं भाकीत अनेक तज्ज्ञांनी केलं होतं. तसं झालं नाही, कारण सरकार हप्त्यात जी सूट देत होतं ती चालूच होती. कोविडकाळात ती वाढवल्यावर तर नोंदणी वाढत वाढत २०२५ मध्ये सुमारे २ कोटी ४० लाखांवर गेली. लोकांना आत आणायला काठीपेक्षा सवलत जास्त कामाला आली. अर्थात सवलतीचा पैसाही करदात्यांचाच. ती वाढीव सवलत २०२५ अखेर संपत होती आणि तिच्यावरूनच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरकारचं कामकाज ४३ दिवस ठप्प राहिलं, जे तिथल्या इतिहासातलं तोवरचं सगळ्यात लांबलेलं होतं.

‘माझे’ पैसे

आता त्या मेडिकेअरवाल्या गृहस्थांकडे. त्यांना मेडिकेअर सरकारी का वाटत नव्हतं? कारण आयुष्यभर त्यांच्या पगारातून त्यासाठी पैसे कापले गेले होते. जे आपण भरलं ते आपलं, ही भावना काही आपोआप आलेली नाही. ती मुद्दाम घडवलेली आहे.

१४ ऑगस्ट १९३५ ला फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटीच्या कायद्यावर सही केली. म्हातारपणीचं पेन्शन सरळ सरकारी तिजोरीतून देता आलं असतं. रूझवेल्टनी आग्रहाने पगारातून कपात ठेवली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे गरिबांवर ओझं आहे, असं एकाने सांगितलं तेव्हा त्यांचं उत्तर साधारण असं होतं: हे अर्थशास्त्र नाही, राजकारण आहे. लोकांनी स्वतःचे पैसे भरलेत म्हटल्यावर उद्याचा कुठलाही राजकारणी ही योजना मोडू शकणार नाही.

आज पगाराचे ६.२ टक्के नोकराकडून, तेवढेच मालकाकडून जातात (एका ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगारावर). पण तुमच्या नावाचं असं खातं कुठे नसतं. आज काम करणाऱ्यांचा पैसा आजच्या निवृत्तांना मिळतो. नोकरदार पिढीने म्हाताऱ्या पिढीला सांभाळायचं, हा शुद्ध समूहवाद आहे. फक्त त्याला ‘माझी कमाई’ असा पोशाख चढवलाय. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने हा पोशाख उतरवला होता. बल्गेरियातून आलेल्या एका स्थलांतरिताने १९ वर्षं कपात भरली होती. तो १९३० च्या दशकात कम्युनिस्ट पक्षात होता म्हणून त्याला देशाबाहेर काढलं आणि पेन्शन बंद केलं. माझे पैसे आहेत, तो म्हणाला. कोर्ट म्हणालं, या पेन्शनवर तुझा मालमत्तेसारखा हक्क नाही. निकाल आजही कायम आहे, पण पोशाख इतका चांगला बसलाय की फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. २००५ मध्ये धाकट्या बुश यांनी खरोखरच काही हिस्सा वैयक्तिक खात्यांत टाकायचा प्रस्ताव आणला. दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांचं बहुमत असूनही तो मतदानालासुद्धा आला नाही. व्यक्तिवादी मतदारांनीच तो बुडवला.

हे सगळं पुण्या-मुंबईच्या वाचकाला दूरचं वाटत असेल तर आपल्याकडच्या एचवनबी व्हिसावर गेलेल्या इंजिनिअरांना विचारा. त्यांच्याही पगारातून ही कपात होते. पेन्शनचा हक्क लागायला ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं, भरावी लागतात. भारत आणि अमेरिकेत याबाबतचा परस्पर करार नाही. त्यामुळे सहा-सात वर्षांनी हिंजवडीला परतलेला माणूस कुठल्यातरी ओहायोतल्या आजीच्या पेन्शनला हातभार लावून येतो आणि त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. या ‘आपण’मध्ये त्याला धरलेलं नाही.

ऊब आणि चटका

समूहाच्या नावाने काय काय करता येतं, हेही बघायला हवं, कारण ममदानींच्या ‘उबे’वर चिडणारे सगळेच मूर्ख किंवा श्रीमंत नाहीत. १९०२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या एका पाद्र्याने देवीची लस घ्यायला नकार दिला. दंड झाला ५ डॉलर. १९०५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी सांगितलं की साथ चालू असताना राज्य अशी सक्ती करू शकतं. स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याला धोक्यात घालायचा परवाना नव्हे. निकाल शहाणपणाचा वाटतो. पण बावीस वर्षांनी, १९२७ मध्ये, व्हर्जिनिया राज्याने ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करायचं प्रकरण कोर्टापुढे आलं. न्यायमूर्ती होम्स यांनी मान्यता देताना याच लसीच्या निकालाचा दाखला दिला. जे तत्त्व लस टोचायला पुरतं, तेच बीजवाहिन्या कापायलाही पुरतं, असं त्यांनी लिहिलं. आठ विरुद्ध एक. विसाव्या शतकात अमेरिकेत साठ हजारांहून जास्त लोकांची अशी नसबंदी झाली, आणि तेव्हा ती पुरोगामी सुधारणा समजली जात होती.

इथे बाबासाहेब आंबेडकरांची आठवण होणं साहजिक आहे. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते, जॉन ड्यूई त्यांचे शिक्षक. व्यक्ती आणि समाज यांना एकमेकांचे शत्रू मानू नका, असं ड्यूई शिकवत. आंबेडकरांनी ते घेतलं, पण समूहाबद्दल ते गुरूपेक्षा सावध होते. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी समाधान व्यक्त केलं की मसुद्याने गाव हा घटक टाकून देऊन व्यक्ती हा घटक धरला. गावाची ऊब कुणाला मिळते आणि चटका कुणाला बसतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनाही नाही. ‘राज्यांचे हक्क’ या गोंडस नावाखाली दक्षिणेतल्या बहुसंख्याकांनी त्यांना शंभर वर्षं दाबून ठेवलं आणि त्यांना सोडवायला शेवटी वॉशिंग्टनचीच सक्ती लागली.

लसीचा वाद कोविडमध्ये पुन्हा पेटला. जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोठ्या खासगी कंपन्यांतल्या कामगारांसाठीचा ‘लस घ्या किंवा चाचणी करा’ हा केंद्राचा नियम रोखला, पण मेडिकेअर आणि मेडिकेडचे (मेडिकेड म्हणजे गरिबांचा सरकारी विमा) पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलांतल्या कर्मचाऱ्यांना लसीची सक्ती चालू दिली. २०२५ मध्ये पश्चिम टेक्सासमध्ये गोवराची साथ आली, साडेसातशेहून जास्त रुग्ण, लस न घेतलेली दोन मुलं दगावली. त्याच वर्षी फ्लोरिडाने शाळेतल्या लसींची सक्ती उठवायचा मनोदय जाहीर केला. ‘माझं शरीर, माझा निर्णय’ ही गर्भपाताच्या हक्काची घोषणा लसविरोधी मोर्च्यांत फलकांवर दिसली. आणि गर्भपाताच्या बाबतीत, त्याचा देशव्यापी हक्क काढून घेणाऱ्या २०२२ च्या निकालानंतर, हेच मोर्चेवाले बहुधा राज्याच्या सक्तीच्या बाजूने.

अशा उड्या दोन्हीकडे आहेत. बंदुकीबाबत तर शब्दशः हाच वाद होता: घटनेतला तो हक्क नागरी सेनेचा, म्हणजे समूहाचा, की एकेका माणसाचा? २००८ मध्ये कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, माणसाचा. युनियनमध्ये बाहेर राहणारा पुन्हा भेटतो. युनियन जो पगारवाढीचा करार करते तो सभासद नसलेल्यालाही लागू होतो, मग त्याने करारापुरती वर्गणी द्यावी की नाही? २०१८ मध्ये कोर्टाने सरकारी कर्मचाऱ्यांपुरतं सांगितलं, संमतीशिवाय नाही घेता येणार. विम्याच्या वेळी फुकट्यांवर तुटून पडलेले उजवे इथे फुकट्याचे वकील झाले, आणि डाव्यांना ‘सगळ्यांनी भरलंच पाहिजे’ आठवलं.

लाल राज्यांतली सरकारी दुकानं

नॉर्थ डकोटा हे पक्कं रिपब्लिकन, म्हणजे तिथल्या भाषेत ‘लाल’ राज्य. तिथे १९१९ पासून राज्य सरकारच्या मालकीची बँक आहे आणि सरकारी पीठगिरणीही आहे. मिनियापोलिसचे धान्यव्यापारी आणि सावकार लुबाडतात म्हणून तिथल्या गहू पिकवणाऱ्यांनी निवडणूक जिंकून ती काढली. शंभर वर्षं झाली, कुणी बंद करायचं नाव काढत नाही. नेब्रास्कात वीज देणारी एकही खासगी भांडवलदारांची कंपनी नाही, सगळी सार्वजनिक किंवा सहकारी. (सहकारी साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही.) अलास्कात १९८२ पासून तेलाच्या उत्पन्नातून प्रत्येक रहिवाशाला दरवर्षी लाभांश मिळतो, २००८ मध्ये गव्हर्नर सारा पेलिन यांनी त्यावर आणखी १,२०० डॉलर वाटले. याला तिथे कुणी समाजवाद म्हणत नाही. आमचं तेल, आमचा हिस्सा.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने इंटेल कंपनीचा सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. समाजवादी बर्नी सँडर्स यांनी पाठिंबा दिला. रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल यांनी विचारलं, सरकारने कारखान्यांची मालकी घेणं म्हणजे समाजवाद असेल तर ही त्याच दिशेची पायरी नव्हे का? हे रँड म्हणजे त्या रॉन पॉल यांचे चिरंजीव. घराण्याने निदान सातत्य राखलंय.

सध्या जो प्रयोग सुरू आहे तो मेडिकेडवर. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्यानुसार, ओबामाकेअरने मेडिकेडमध्ये आणलेल्या प्रौढांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचं दाखवावं लागेल. काही गटांना सूट आहे. बहुतेक राज्यांत हे २०२७ पासून लागू होईल. धडधाकट माणसाने हातपाय हलवावेत, हा विचार अमेरिकेत खूप लोकांना पटतो, डेमोक्रॅटांपैकीही काहींना. आर्कान्सॉने २०१८ मध्ये असाच नियम करून पाहिला होता. सुरुवातीला तासांची नोंद फक्त ऑनलाइन करायची होती. काही महिन्यांत सुमारे अठरा हजार लोकांचा विमा गेला, आणि मार्च २०१९ मध्ये एका न्यायाधीशाने नियम थांबवला. नंतरच्या अभ्यासात रोजगार वाढल्याचं दिसलं नाही. बरेच जण काम करतच होते किंवा सवलतीत बसत होते, कागद वेळेत पोचले नव्हते.

विमा गेला तरी इमर्जन्सी रूमचं दार १९८६ च्या कायद्याने उघडंच राहतं. खेड्यापाड्यातली हॉस्पिटलं आधीच तोट्यात. त्यांच्या दारात आता बिनविम्याचे रुग्ण वाढणार, ही भीती ग्रामीण भागातल्या रिपब्लिकन सिनेटरांनीच बोलून दाखवली. म्हणून स्वावलंबनाच्या नावाने केलेल्या त्याच कायद्यात ग्रामीण आरोग्यासाठी पाच वर्षांत ५० अब्ज डॉलरचा सरकारी निधी घालावा लागला.